साक्षीदाराला न्यायदालनाबाहेर बसवण्याचा नियम आणि ‘निरुपद्रवी चूक’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे आणि महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे मुख्यतः अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतील फौजदारी खटल्यांना धरून आहेत. राज्यांच्या न्यायालयांविषयी प्रश्न १५ आणि भारताविषयी प्रश्न १६ व १७ पाहावेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. चालू खटल्यात आपल्या वकिलाचा सल्लाच प्रमाण मानावा.

१. साक्षीदारांना बाहेर बसवतात म्हणजे नेमके काय करतात?

ज्यांची साक्ष अजून व्हायची आहे, त्यांना इतर साक्षीदारांची साक्ष ऐकू येऊ नये म्हणून न्यायदालनाबाहेर थांबवले जाते. हेतू दोन आहेत. पहिला, पुढच्या साक्षीदाराने आधीच्या साक्षीदाराचे शब्द ऐकून आपली हकिकत त्याच्याशी जुळवून घेऊ नये. दुसरा, साक्ष खोटी असेल तर उलटतपासणीत दोन जबाबांतील विसंगती उघड व्हावी. जुळवून घेणे नेहमीच लबाडीचे नसते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रामाणिक माणसाची आठवणही दुसऱ्याचे ठाम बोलणे ऐकून नकळत बदलते, आणि त्याला स्वतःला तो बदल जाणवत नाही. म्हणून हा आदेश झाला म्हणजे साक्षीदारावर अविश्वास दाखवला, असे समजू नये.

२. ज्युरीला हॉटेलात वेगळे ठेवतात, तोच हा प्रकार का?

नाही. दोन्हींना ‘सिक्वेस्ट्रेशन’ म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. ज्युरीला बाहेरच्या बातम्यांपासून आणि दडपणापासून दूर ठेवले जाते आणि तसे क्वचितच केले जाते. साक्षीदारांना मात्र एकमेकांच्या साक्षीपासून दूर ठेवले जाते आणि ते जवळजवळ प्रत्येक खटल्यात होते.

३. हा नियम आला कुठून?

कायद्याचे अभ्यासक बायबलच्या परंपरेतील सुझानाच्या कथेपर्यंत मागे जातात. दोन वृद्ध न्यायाधीशांनी सुझानावर व्यभिचाराचा खोटा आरोप ठेवला. तरुण दानिएलाने दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारला: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? एकाने मस्तकीचे झाड सांगितले, दुसऱ्याने ओक सांगितले आणि आरोप कोसळला. इंग्लंडच्या न्यायालयांत ही पद्धत रुजली आणि तेथून ती अमेरिकेत आली. पूर्वी आदेश द्यायचा की नाही हे सर्वस्वी न्यायाधीशाच्या इच्छेवर होते. १९७५ साली संघीय पुरावा नियम लागू झाले आणि त्यांतील नियम ६१५ ने हे चित्र बदलले: पक्षकाराने मागणी केली की न्यायालयाने साक्षीदारांना बाहेर काढलेच पाहिजे. न्यायाधीश स्वतःहूनही असा आदेश देऊ शकतात.

४. मागणी कोणी आणि केव्हा करायची?

सरकार पक्ष किंवा बचाव पक्ष, कोणीही. तोंडी एक वाक्य पुरते. ते प्रारंभिक निवेदनांच्या आधी उच्चारावे, कारण त्या निवेदनांतच कोण साक्षीदार काय सांगणार याचा सारा आराखडा ज्युरीपुढे मांडला जातो आणि मागच्या बाकावर बसलेला साक्षीदार तो ऐकत असतो. मागणी केलीच नाही, तर न्यायालयाने आदेश दिला नाही अशी तक्रार अपिलात सहसा टिकत नाही.

५. कोणाला बाहेर काढता येत नाही?

नियमात चार अपवाद आहेत. स्वतः पक्षकार असलेली व्यक्ती, म्हणजे फौजदारी खटल्यात आरोपी, आत बसते. आरोपीला आपल्याविरुद्धच्या साक्षीदारांना समोरासमोर पाहण्याचा घटनात्मक अधिकारही आहेच. दुसरा अपवाद संस्था पक्षकार असेल तर तिच्या एका प्रतिनिधीचा (प्रश्न ६). तिसरा, ज्याची उपस्थिती आपली बाजू मांडण्यासाठी अत्यावश्यक आहे असे पक्षकाराने दाखवून दिले आहे अशी व्यक्ती. यात बहुधा तज्ज्ञ साक्षीदार येतात, कारण तज्ज्ञाला खटल्यात ऐकलेल्या वस्तुस्थितीवरून मत देण्याची मुभा आहे. परंतु तज्ज्ञ आहे एवढ्यावर प्रवेश मिळत नाही, गरज दाखवावी लागते. चौथा अपवाद, ज्याला दुसऱ्या एखाद्या कायद्याने उपस्थित राहण्याचा अधिकार दिला आहे तो (प्रश्न ७).

६. तपास अधिकारी दिवसभर सरकारी वकिलाशेजारी बसून सगळे ऐकतो आणि मग स्वतः साक्ष देतो. हे न्याय्य कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा संताप समजण्यासारखा असतो. कायद्याचे उत्तर असे की सरकार ही व्यक्ती नसल्यामुळे त्याला एक अधिकारी प्रतिनिधी म्हणून नेमता येतो, आणि गुंतागुंतीच्या खटल्यात कागदपत्रे व घटनाक्रम ठाऊक असलेला माणूस वकिलाजवळ असणे उपयोगाचे असते. पण ‘एक’ म्हणजे किती, यावर अनेक वर्षे वाद होता. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो मिटवला: या अपवादाखाली एकच अधिकारी किंवा कर्मचारी आत राहू शकतो. दुसरा हवा असेल तर त्याची उपस्थिती अत्यावश्यक असल्याचे वेगळे सिद्ध करावे लागते.

बचाव पक्षाच्या हाती एक मार्ग उरतो आणि तो फारच कमी वापरला जातो. साक्षींचा क्रम ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. म्हणून या अधिकाऱ्याची साक्ष सर्वांत आधी घ्यावी, अशी विनंती करता येते. ती मान्य करणे न्यायाधीशावर बंधनकारक नाही. तरीही ती नोंदवून ठेवावी, कारण पुढे प्रश्न १३ मधील मुद्दे मांडताना हीच नोंद कामी येते.

७. गुन्ह्यात ज्यांचे माणूस गेले, त्यांनाही बाहेर बसवतात का?

एकेकाळी बसवत. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत झालेल्या बॉम्बस्फोटात १६८ जण मृत्युमुखी पडले. त्या खटल्यात न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी असा आदेश दिला की, शिक्षेच्या टप्प्यावर आपल्या दुःखाविषयी ज्यांना बोलायचे आहे त्यांनी खटल्याचे कामकाज पाहू नये. मृतांच्या नातेवाइकांपुढे दोनच पर्याय उरले: खटला पाहा, नाहीतर बोला. मार्च १९९७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खास कायदा करून ही कोंडी फोडली. पुढे २००४ च्या पीडितांच्या हक्कांच्या कायद्याने हा अधिकार अधिक व्यापक केला. आता पीडिताला बाहेर काढायचे असेल, तर इतरांची साक्ष ऐकल्याने त्याची स्वतःची साक्ष मूलतः बदलेल, असे स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्यावरून न्यायालयाला आढळले पाहिजे. ही कसोटी मुद्दाम कडक ठेवली आहे.

८. माझ्या भावावर खटला आहे आणि मला त्याच्या बाजूने साक्ष द्यायची आहे. मी आत बसू शकते का?

सहसा नाही. नातेवाइकांसाठी वेगळा अपवाद नाही. तुमचे नाव साक्षीदारांच्या यादीत असेल तर साक्ष होईपर्यंत तुम्हाला बाहेर थांबावे लागेल, आणि पुन्हा बोलावले जाण्याची शक्यता असेल तर त्यानंतरही. साक्ष महत्त्वाची की खटल्यात त्याच्या नजरेसमोर कोणी आपले माणूस असणे महत्त्वाचे, हे वकिलाशी बोलून आधी ठरवा. आधी आत बसून मग साक्ष द्यायला गेलात, तर तुमची साक्ष नाकारली जाण्याचा धोका भावाला सोसावा लागेल.

९. बाहेर बसलेल्या साक्षीदाराने फोनवर बातम्या वाचल्या, किंवा आतून आलेल्या माणसाशी बोलला, तर?

पूर्वी याचे उत्तर न्यायालयागणिक वेगळे होते. काहींच्या मते नियम फक्त दालनातून बाहेर काढण्यापुरता होता. काहींच्या मते साक्ष दुसऱ्या मार्गाने कानावर जाणेही त्यात येत होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर न्यायालय स्पष्ट आदेश देऊ शकते की झालेली साक्ष बाहेरच्या साक्षीदारांना कोणी सांगू नये आणि त्यांनीही ती मिळवू नये. पण नुसत्या ‘बाहेर काढा’ या आदेशात हे आपोआप येत नाही, ते वेगळे मागावे लागते. साक्षीचे लेखी उतारे त्याच संध्याकाळी उपलब्ध होतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभराचा वृत्तान्त सहज जातो, म्हणून ही जादा मागणी न करणे मोठी चूक ठरते.

१०. या काळात वकील आपल्या साक्षीदाराशी बोलू शकतो का?

इतर साक्षीदार काय म्हणाले हे न सांगता तयारी करून घेणे साधारणपणे चालते; आदेशाची भाषा मात्र पाहावी. आरोपी स्वतः साक्ष देत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. १९७६ च्या गेडर्स खटल्यात सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने घेतलेली पहिली तपासणी) आणि उलटतपासणी यांच्या मधल्या १७ तासांच्या रात्रीच्या विश्रांतीत आरोपीने वकिलाशी बोलू नये, असा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण आरोपी केवळ साक्षीदार नसतो, त्याला वकिलाचा अधिकार असतो. १९८९ च्या पेरी खटल्यात मात्र १५ मिनिटांच्या विश्रांतीपुरती अशी बंदी वैध ठरली. गेडर्सची चूक प्रश्न १२ मधील कसोटीत का बसत नाही, ते तेथे सांगितले आहे.

११. साक्षीदाराने आदेश मोडला तर त्याची साक्ष रद्द होते का?

आपोआप होत नाही. १८९३ च्या होल्डर खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की, आदेश मोडणाऱ्या साक्षीदारावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि त्याच्या विश्वासार्हतेवर ज्युरीपुढे टीका करता येते, पण तेवढ्यावरून तो साक्षीस अपात्र ठरत नाही. साक्ष नाकारायची की नाही हे परिस्थिती पाहून न्यायाधीश ठरवतात. पक्षकाराची किंवा वकिलाची फूस होती का, हे त्यात निर्णायक ठरते. आरोपीच्या साक्षीदाराने स्वतःहून चूक केली आणि आरोपीला तिचा पत्ताही नव्हता, तर त्याची साक्ष नाकारून शिक्षा आरोपीला देण्यासारखे होते.

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांशी संबंधित कटातील आरोपी झकारिया मुसावी याचा २००६ चा खटला सर्वांच्या परिचयाचा आहे. मृत्युदंड द्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे सुनावणी चालू होती. एका सरकारी वकिलाने विमान सुरक्षेच्या साक्षीदारांना कामकाजाचा लेखी उतारा पाठवला आणि काय सांगायचे याविषयी सूचनाही केल्या. न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी प्रथम विमान सुरक्षेचा सगळा पुरावाच बाद केला. सरकारच्या विनंतीनंतर, ज्यांच्यापर्यंत हा मजकूर पोहोचला नव्हता असे बदली साक्षीदार आणण्याची परवानगी त्यांनी दिली. ज्युरीने अखेर जन्मठेप दिली. उपाय किती बारकाईने बेतता येतो, हे या प्रकरणात दिसते: दूषित झालेला भाग काढला आणि खटला पुढे चालला.

१२. ‘निरुपद्रवी चूक’ म्हणजे काय? चूक मान्य करूनही शिक्षा कायम कशी राहते?

खटल्यात चूक झाली, पण तिचा निकालावर परिणाम झाला नाही, असे अपील न्यायालयाला वाटले तर ते शिक्षा कायम ठेवते. ही कल्पना एका जुन्या अतिरेकावरची प्रतिक्रिया आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील अपील न्यायालये क्षुल्लक तांत्रिक दोषावरूनही शिक्षा रद्द करत. १९०८ साली मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपपत्राच्या समारोपाच्या ठरीव वाक्यातून ‘द’ हे उपपद गळले म्हणून शिक्षा रद्द केली. १९१९ साली काँग्रेसने कायदा करून पक्षकारांच्या महत्त्वाच्या हक्कांना बाधा न आणणाऱ्या चुका बाजूला ठेवण्यास सांगितले. आज तेच तत्त्व फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ५२ मध्ये आहे.

कसोट्या मात्र एकसारख्या नाहीत. साध्या नियमभंगासाठी १९४६ च्या कोटियाकोस खटल्यातील न्यायमूर्ती वायली रटलेज यांची कसोटी लागू होते. उरलेला पुरावा शिक्षेला पुरेसा होता का, हा त्यांचा प्रश्न नव्हता. या चुकीने निकालावर लक्षणीय प्रभाव टाकला का, हा होता. घटनात्मक हक्काचा भंग झाला असेल तर १९६७ चा चॅपमन खटला लागू होतो आणि चुकीचा निकालाला हातभार लागला नाही, हे सरकारला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. याहून वेगळ्या काही मोजक्या चुका खटल्याचा पायाच हलवतात: पक्षपाती न्यायाधीश, वकिलाचा पूर्ण अभाव, वाजवी संशयाविषयी ज्युरीला दिलेली सदोष सूचना. अशा वेळी परिणामाचा हिशेब न करता शिक्षा रद्द होते. ही विभागणी १९९१ च्या फुलमिनान्टे खटल्यात स्पष्ट झाली. त्याच निकालाने जबरदस्तीने घेतलेल्या कबुलीजबाबालाही चॅपमन कसोटी लावली. त्या खटल्यात ती चूक निरुपद्रवी नव्हती, असेच ठरले. गेडर्स खटल्यातील चूक वकिलाचा अधिकारच काढून घेणारी असल्यामुळे तेथे नुकसान दाखवावे लागत नाही.

१३. मग साक्षीदाराला चुकून आत बसू दिले, तर ती कोणत्या प्रकारची चूक?

बहुतेक वेळा साध्या नियमभंगाची, कारण साक्षीदारांना बाहेर बसवणे हा स्वतंत्र घटनात्मक हक्क मानला जात नाही. खरा पेच पुढे आहे. ऐकलेल्या साक्षीमुळे साक्षीदाराचे बोलणे किती बदलले, हे मोजायचे तर न ऐकता तो काय बोलला असता हे माहीत हवे, आणि ते जगात कोणालाच माहीत नसते. त्यामुळे सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकायचा, यावरच बहुधा निकाल ठरतो. नवव्या सर्किटच्या न्यायालयाने (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयांचा विभाग) १९८३ च्या एल खटल्यात नियमभंग झाला की नुकसान गृहीत धरले; चूक निरुपद्रवी असल्याचे अभिलेखावरून उघड दिसले पाहिजे किंवा सरकारने ते सिद्ध केले पाहिजे. इतर काही सर्किट न्यायालये आरोपीकडेच नुकसानीचा पुरावा मागतात.

माझे मत पहिल्या बाजूला आहे. अदृश्य हानी दाखवून दे, असे आरोपीला सांगणे म्हणजे नियम कागदावर ठेवून त्याचा उपाय काढून घेणे होय. सरकारने नियम मोडला असेल, तर परिणाम झाला नाही हे सांगण्याची जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे.

प्रत्यक्षात न्यायाधीश काही खुणा पाहतात. आत बसलेल्याने ऐकलेला विषय आणि त्याच्या साक्षीचा विषय एकच होता का? घटनेनंतर लगेच दिलेल्या जबाबापेक्षा त्याची साक्ष बदलली का? बदल आधी ऐकलेल्या साक्षीच्या दिशेने झाला का? त्यावर पुरेशी उलटतपासणी करू दिली का? यांतली दुसरी खूण सर्वांत वजनदार आहे, कारण जुना लेखी जबाब हाच ‘न ऐकता काय बोलला असता’ याच्या सर्वांत जवळचा पुरावा असतो.

१४. वकिलाने त्या वेळी हरकतच घेतली नाही. आता अपिलात काही करता येईल का?

येईल, पण वाट अरुंद आहे. १९९३ च्या ओलानो खटल्यानुसार चूक झाली, ती उघड होती, तिने महत्त्वाच्या हक्कांना बाधा आली, आणि तिच्यामुळे न्यायप्रक्रियेची निष्पक्षता, सचोटी किंवा प्रतिष्ठा यांना गंभीर धक्का बसतो, हे चारही दाखवावे लागते. आणि येथे भार आरोपीवर असतो. वकिलाच्या गलथानपणाची वेगळी तक्रार १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाखाली करता येते, पण तेथेही वेगळा निकाल लागण्याची वाजवी शक्यता दाखवावी लागते. म्हणून हरकत त्याच क्षणी, कारणासह आणि अभिलेखात येईल अशा आवाजात घ्यावी. साक्षीदार आत दिसल्याचे, तो किती वेळ होता याचे आणि त्याने कोणाची साक्ष ऐकली याचेही नोंदीत येऊ द्यावे.

१५. आमचा खटला राज्याच्या न्यायालयात आहे. हेच नियम लागू होतात का?

तंतोतंत नाही. टेक्सासमध्ये नियम ६१४ खाली मागणी झाली की आदेश बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियाच्या पुरावा संहितेचे कलम ७७७ मात्र न्यायालय साक्षीदाराला बाहेर काढू ‘शकते’ असे म्हणते. चॅपमन कसोटी घटनात्मक चुकांसाठी सर्व राज्यांत लागू आहे. साध्या चुकांच्या कसोट्या प्रत्येक राज्य स्वतः ठरवते.

१६. भारतात असा नियम आहे का?

नियम ६१५ सारखे स्वतंत्र कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत किंवा भारतीय साक्ष्य अधिनियमात नाही. प्रथा मात्र पक्की आहे: पुकारा होईपर्यंत साक्षीदार बाहेर थांबतो. न्यायालय खुले असले तरी एखाद्या विशिष्ट व्यक्तीने दालनात थांबू नये असा आदेश संहितेच्या कलम ३६६ खाली न्यायाधीश देऊ शकतात. जुन्या संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हे कलम ३२७ होते. आत बसून इतरांची साक्ष ऐकलेला माणूस साक्षीस अपात्र होत नाही, कारण पात्रतेचे निकष साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आहेत आणि त्यांत ही अट नाही. त्याच्या साक्षीचे वजन मात्र कमी होऊ शकते.

आपल्याकडील अडचण वेगळीच आहे. साक्षी एका आठवड्यात संपत नाहीत. दोन साक्षीदारांमध्ये कधीकधी काही महिने जातात आणि पहिल्याच्या उलटतपासणीतून बचावाची दिशा गावभर होते. म्हणून एकाच घटनेच्या साक्षीदारांची उलटतपासणी, सगळ्यांची सरतपासणी झाल्यावर एकत्र घ्यावी, अशी विनंती बचाव पक्ष करतो. जुन्या संहितेच्या कलम २३१ मध्ये आणि नव्या संहितेच्या कलम २५४ मध्ये न्यायाधीशाला तसा विवेकाधिकार आहे. २०१८ च्या केरळ राज्य विरुद्ध रशीद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क नाही, त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. पण पुढच्या साक्षीदारांनी बचावाला बगल देण्यासाठी साक्ष बेतण्याची शक्यता हा विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे.

१७. भारतात कार्यपद्धतीतील चुकीमुळे शिक्षा रद्द होते का?

‘न्यायाची हानी’ झाली असेल तरच. जुन्या संहितेचे कलम ४६५, आता कलम ५११, सांगते की चूक, त्रुटी किंवा अनियमितता यांमुळे न्यायाची हानी झाली असल्याशिवाय निकाल उलटवू नये. पुरावा चुकीने दाखल झाला किंवा नाकारला गेला, तर साक्ष्य अधिनियमाचे कलम १६९ उरलेला पुरावा पुरेसा आहे का हे पाहायला सांगते. हा प्रश्न नेमका तोच, जो रटलेज यांनी पुरेसा मानला नव्हता (प्रश्न १२). काही दोष मात्र भरून निघत नाहीत: अधिकार नसताना दंडाधिकाऱ्याने खटला चालवणे यांसारख्या बाबींची यादी कलम ५०७ मध्ये आहे आणि तेथे कार्यवाहीच शून्यवत ठरते. कलम ५११ मध्ये आणखी एक अट आहे, जिच्याकडे वकिलांचे दुर्लक्ष होते: न्यायाची हानी झाली का हे ठरवताना, ती हरकत खटल्याच्या आधीच्या टप्प्यावर घेता आली असती का आणि घ्यायला हवी होती का, हे न्यायालयाने पाहायचे असते. साक्षीदार आत बसलेला दिसत असूनही गप्प राहिलेल्या वकिलाला अपिलात पहिला प्रश्न हाच विचारला जातो.